भोईर सरांचा पंधरवडा

माझं अक्षर शाळेत दुसऱ्या नंबरचं आहे, असं भोईर सरांनी मला पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं. मी नवीनच लागले होते, मराठी शिकवायला, आणि फलकावर बातम्या लिहीत होते. अक्षराचा मला भारी तोरा. लहानपणापासून त्याचीच बक्षिसं घेतलेली. खडू खाली ठेवून मी विचारलं, मग पहिलं कोणाचं? तर म्हणाले, तांब्याचं. तांबे म्हणजे आमचा शिपाई. मी तणतणत गेले आणि तांब्यांनी उतरवलेली सूचनावही उघडून बघितली. काय सांगू, खरंच चांगलं होतं हो मेल्याचं अक्षर.

काशिनाथ भोईर अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. मूळचे बदलापूरच्या पुढच्या एका गावातले, आगरी. सगळी नोकरी शहरातल्या शाळेत काढली, पण बोली काही सोडली नाही. बायकांना सरसकट 'बाय' म्हणायचे, समोर मुख्याध्यापिका असली तरी. उंचेपुरे, काळेसावळे, चालताना कमरेत जरा पुढे झुकलेले, कारण आयुष्यभर हॉकीची स्टिक धरून कंबर तशीच राहिलेली. आणि खोड एकच, नंबर देण्याची. गावातल्या मिसळींना नंबर होते. शाळेने आजवर बघितलेल्या पाच मुख्याध्यापकांना नंबर होते, आणि आत्ताचे चौथे आहेत हे त्या चौथ्यांनाही माहीत होतं. शिक्षिकांच्या डब्यांत माझा डबा सहावा. "बाय, तुला मीठ कळतं, तिखट कळत नाय," एवढं कारण देऊन मोकळे. मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी मुद्दाम चिंच-गुळाची आमटी नेली, त्यांच्यापुढे डबा ठेवला. त्यांनी चाटूनपुसून खाल्ली आणि नंबर सहावाच ठेवला. वर म्हणाले, नंबर मागून मिळत नाय.

हे सगळं आम्ही हसण्यावारी न्यायचो. पण हॉकी आली की माणूस वेगळा व्हायचा.

दरवर्षी मोसम संपला की भोईर सर एक यादी काढायचे. तेवीस वर्षांच्या आतले, कुठल्या ना कुठल्या संघाशी करार करून खेळणारे, अख्ख्या देशातले सगळ्यांत चांगले पंधरा जण. मुलगे आणि मुली एकाच यादीत, कारण त्यांच्या मते पोर म्हणजे पोर. पंधरा नावं म्हणून स्टाफरूममध्ये आम्ही तिला भोईर सरांचा पंधरवडा म्हणायचो. आधी चिडले, मग स्वतःच म्हणायला लागले. ज्या गावात पोरांना हॉकीची स्टिक दाखवली तर ती विचारतात, सर, ही छत्री अडकवायला का, त्या गावात बसून हा माणूस ओडिशातल्या आणि झारखंडातल्या पोरापोरींची नावं त्यांच्या गावासकट पाठ म्हणायचा. यादी लिहून काढायचं काम माझ्याकडे. सरांचं स्वतःचं अक्षर शाळेत शेवटचं, हाही त्यांनीच दिलेला नंबर. तांब्यांना का नाही सांगत, असं मी एकदा टोचून विचारलं. म्हणाले, तांब्या सुंदर लिहितो, पण काय विचारत नाय. तू प्रत्येक नावाला 'हा का' विचारतेस, मना त्याचा उपयोग होतो.

मला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. एका रविवारी वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, मला जेवायला बोलावलं होतं. टीव्हीवर मुलींची मॅच लागली होती. सरांनी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, ही आठ नंबरच्या शर्टाची पोरगी बघायची, बॉल बघायचा नाय. मी म्हटलं, बॉल नाही बघायचा तर मॅच कशाला बघायची? तर म्हणाले, बॉल बघायला सगळं जग बसलंय, आपण पोर बघू. मीही हट्टाला पेटले. पंधरा मिनिटं ती मुलगी काही करताना दिसेना, नुसती इकडून तिकडे. मग हळूहळू ध्यानात आलं की ती जिथे जाऊन उभी राहते तिथून समोरच्यांना वाटच उरत नाही. एकदा तिच्या जोडीदारणीच्या हातून बॉल गेला, सगळं मैदान त्या बॉलमागे धावलं, आणि हिने धावता धावता त्या रडवेल्या पोरीच्या पाठीवर थाप मारली. सरांनी लगेच वहीत काहीतरी लिहिलं. मी विचारलं, काय लिहिलंत? म्हणाले, थाप लिहिली. वहिनी आतून ओरडत होत्या की भात निवला, पण त्या दिवशी आम्ही दोघंही उठलो नाही.

यादी वाचायची जागा ठरलेली होती. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये लछूसेठचं खेळाच्या सामानाचं दुकान. लछूसेठ सिंधी, तोंडाने फटकळ, तरुणपणी एका कारखान्याच्या संघाचा गोलकीपर. सरांनी आयुष्यात बघितलेल्या गोलकीपरांत त्याचा नंबर एकविसावा होता, आणि हे तो गिऱ्हाइकांना मोठ्या अभिमानाने सांगायचा. रविवारी सकाळी दुकानाचं अर्धं शटर वर करून पाच-सहा जुने खेळाडू जमायचे, कोणी गुडघा चोळत, कोणी मणक्याचा पट्टा बांधून. नाश्त्याला दाल-पकवान यायचं. मग सर एक नंबरपासून वाचायला लागायचे आणि दुसऱ्या नावावरच भांडण पेटायचं. लछूसेठ म्हणायचा, सर, ये तो हद हो गई, मुलगी दुसरी आणि पेनल्टी कॉर्नरवर गोल मारणारा सातवा? गोल कोण मारतो मग, तुमची वही? सर शांतपणे वही उघडून सांगायचे की त्या सातव्याने गोल मारले खरे, पण शेवटच्या दहा मिनिटांत तो परत मागे धावतच नाही. मग कोणी तरी म्हणायचं धावतो, कोणी म्हणायचं नाही, आणि मोबाईलवर जुन्या मॅचा काढून तासभर त्या पोराचे पाय मोजले जायचे. ह्या सगळ्यात मी एकटी बाई, हातात पेन घेऊन. कोणी सरांना खरोखर पटवलं तर ते तिथल्या तिथे नंबर बदलायचे. "खोड, बाय," म्हणायचे, आणि हरल्याचा त्यांना इतका आनंद व्हायचा की दुसरं पकवान मागवायचे. असं माझ्या आठवणीत दोनदाच झालं.

आता रेश्मा. तिच्याबद्दल सांगायचं म्हणजे मला आधी पाणी प्यावं लागतं.

रेश्मा जगदाळे बुवापाड्यातली. वडील सातारकडचे, एका कंपनीत मशीनवर. पोरगी आमच्या शाळेत आठवीत असताना आंतरशालेय सामना होता आणि पंच म्हणून येणारा माणूस आलाच नाही. समोरच्या शाळेने स्वतःहून सांगितलं, भोईर सरांनाच उभं करा, आम्हाला चालतील. एवढा लौकिक. बरोबरी राहिली असती तरी आम्ही पुढच्या फेरीत जात होतो. शेवटचं मिनिट, आमच्या गोलापुढे धूळच धूळ, आणि सरांनी शिट्टी मारून समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर दिला. आमच्या कुणाच्या तरी पायाला बॉल लागला म्हणे, हॉकीत तो फाऊल. कुणाला दिसला नव्हता. त्यावर गोल झाला आणि आम्ही हरलो. पालक सरांभोवती गोळा झाले, मुख्याध्यापकांनी तिथेच बडबड सुरू केली, मीसुद्धा मनातल्या मनात शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात एक काटकुळी पोर पुढे आली. सगळ्यांसमोर म्हणाली, माझ्या पायाला लागला होता, सरांनी बरोबर दिलं. बस्स. पालक पांगले. परतताना सर माझ्याशी एवढंच बोलले, "बाय, ही पोर हाय."

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. सकाळी साडेसहाला मुरमाच्या मैदानावर ही दोघं हजर. गुडघे फुटायचे, वहिनी हळद लावून द्यायच्या. आठवड्यातून एकदा कुठेतरी लांब, कृत्रिम गवताच्या खऱ्या टर्फवर. सरांनी तिला शाबास म्हटल्याचं मी एकदाही ऐकलं नाही. फक्त चुका सांगायचे. मी एकदा रेश्माला विचारलं, तुला वाईट नाही वाटत गं? ती म्हणाली, उलट बरं वाटतं बाई, सर खोटं देत नाहीत. बाहेर सगळे उगाच म्हणतात छान खेळलीस. सर म्हणतील तेव्हा खरं असेल.

सरांच्या ह्या सचोटीचं मूळ मला ठाऊक होतं. ते विशीत असताना जिल्ह्याच्या संघाची यादी लागली होती, सगळे म्हणत होते भोईरचं नाव नक्की, आणि त्या जागी निवड करणाऱ्याच्या भाच्याचं नाव निघालं. त्यानंतर सर कधी कुठल्या संघासाठी उभे राहिले नाहीत. आपल्या माणसाला वर घेणं हे त्यांच्या लेखी चोरीपेक्षा वाईट. चांगलीच गोष्ट आहे. पण चांगल्या गोष्टीचाही माणसाला माज चढतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी रोज त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होते.

रेश्मा पुढे गेली. वयोगटाचे संघ, राज्य, आणि मग हॉकी लीगमध्ये तिला एका संघाने करार करून घेतलं. शाळेत प्रोजेक्टर लावून आम्ही तिच्या मॅचा बघितल्या. बुवापाड्याच्या नाक्यावर तिचा फोटो लागला, त्यात नाव चुकवलं होतं, तरी जगदाळे दिवसातून चारदा तिथून चकरा मारायचे. रेश्मा मधल्या फळीत खेळायची. मी बॉल सोडून तिलाच बघायचे. एवढं तरी शिकले होते मी.

मोसम संपला आणि यादीची वेळ आली. शनिवार होता, शाळा अर्धी. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच. सर वही उघडून सांगत होते, मी लिहीत होते. एक, दोन, तीन. मग म्हणाले, चार, रेश्मा जगदाळे. मी लिहिलं. माझे डोळे भरून आले, हे नाव माझ्या अक्षरात त्या यादीत येतंय म्हणून. पण पुढचं नाव येईना. वर बघितलं तर सर खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, पान फाड.

मी म्हटलं, का? ती चौथी नाही का?

म्हणाले, हाय ना. चार महिने वही तपासतोय, मना तर ती तिसरी वाटत होती. पण उद्या दुकानात काय बोलतील? भोईरनी आपली पोर वर चढवली.

मी भांडले. म्हटलं, चौथी नको तर दहावी घाला, पंधरावी घाला. म्हणाले, यादीत आली की प्रश्न येतो कितवी, बाहेर असली की प्रश्नच नाय. आणि पंधरा नावं झाल्यावर, तिचं नाव अजिबात गाळायला जीव होईना म्हणून की काय, मला खाली एक रेघ मारायला लावली आणि तिच्याखाली लिहायला सांगितलं, सोळावी, रेश्मा जगदाळे. त्या यादीला तोवर कधी सोळावा नंबर नव्हता. मी म्हटलं, तिला काय वाटेल? सर हसले. "तिला काय सांगायचं, बाय? ती काय हाय ते तिला ठाव हाय." मी रेघ मारली. लिहिलं. माझ्याच हाताने.

दुसऱ्या दिवशी दुकानात शिरले तर रेश्मा तिथे. सुट्टीवर घरी आलेली, पहिल्यांदाच यादी ऐकायला आली होती, बरोबर जगदाळे. जगदाळ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की स्थळ आलंय, बदलापूरला हेंद्रेपाड्यातलं, माणसं चांगली आहेत. पोरगी देशाकडून खेळेल असं असेल तर दोन वर्षं थांबायला तयार आहेत. नाही तर ह्याच वर्षी उरकायचं म्हणतात. "मला त्यातलं काय कळतंय बाई? आज सरांच्या तोंडून ऐकायचं, मग ठरवायचं," असं म्हणाले आणि बाकावर अगदी कडेला टेकून, हात जोडल्यासारखे बसले.

त्या वेळी मी उठून सरांच्या कानात सांगायला हवं होतं. चार पावलांवर होते. पण लछूसेठने वाचायला सांगितलं, सरांनी चष्मा लावला, आणि मला वाटलं की नंतर सांगू.

पंधरा नावं वाचून झाली. मग सर म्हणाले, सोळावी, रेश्मा जगदाळे. लछूसेठचा हात पकवानावरच थांबला. तो ताडकन उठला. म्हणाला, ये गलत है सर, ही पोरगी पहिल्या पाचात आहे, मी सगळ्या मॅचा बघितल्या, तुम्ही आज वही घरी विसरलात काय? बाकीचेही बोलायला लागले. प्रत्येक जण तिच्या बाजूने. अख्खं दुकान एकीकडे आणि भोईर सर एकीकडे. त्यांनी नुसतं 'खोड, बाय' म्हणायचा अवकाश होता.

ते वाद घालायला लागले. डावीकडे वळताना ही अर्धं पाऊल जास्त घेते. दमली की स्टिक जमिनीवरून उचलली जाते. मोठ्या संघापुढे पास लवकर सोडते, घाबरते. एकेक चूक तारीख-वारासकट. सगळ्या खऱ्या होत्या, कारण आठ वर्षं त्यांनी त्याच मोजल्या होत्या. इतकंच की तशा चुका त्यांच्याकडे यादीतल्या प्रत्येकाच्या लिहिलेल्या होत्या, आणि त्या त्यांनी त्या दिवशी काढल्या नाहीत. अर्धा तास चाललं. माणूस वादात हुशार. एकेक जण गप्प होत गेला. शेवटी लछूसेठ खाली बसला आणि म्हणाला, ठीक है सर, आपकी बात. सर जिंकले. रेश्मा काउंटरला टेकून उभी होती आणि प्रत्येक चुकीला मान हलवत होती, शाळेत हलवायची तशी. जाताना पाया पडली. म्हणाली, बरोबर आहे सर.

रिक्षात मी सरांना स्थळाचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, उद्या सांगन तिला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, उद्या. मी रोज मागे लागले, एकदा तर स्टाफरूममध्ये आवाज चढवला. पण खोटं बोललो हे त्या पोरीसमोर कसं कबूल करायचं, तिथे त्यांची जीभ उचलत नव्हती. आणि मी तरी काय केलं? मी स्वतः जाऊन सांगू शकले असते. बुवापाडा माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. मला वाटत राहिलं, सरांचं आहे, सरांनीच सांगावं. नवव्या दिवशी जगदाळे पेढे घेऊन शाळेत आले. म्हणाले, पोरीनेच सांगितलं, सर कधी चुकत नाहीत बाबा, मी पंधरात नाही, उगाच दोन वर्षं लोकांना कशाला थांबवायचं. खेळ सोडतेय असं संघाला कळवूनही टाकलं तिने. सरांनी पेढा घेतला. पुढचा अख्खा तास तो त्यांच्या हातातच होता.

लग्नात मी त्यांना मांडवामागे गाठलं आणि म्हटलं, निदान आता तरी सांगा. माझ्यावर खेकसले. "हळद लागलेल्या पोरीला काय सांगू? तू चौथी होतीस, उतर बोहल्यावरून?" मग स्टेजवर जाऊन रांगेत उभे राहिले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि न जेवता गेले.

पुढच्या वर्षी यादी निघाली नाही. विचारलं तर म्हणाले, डोळ्यांना त्रास होतो. टीव्ही बंद. लछूसेठ एका रविवारी दाल-पकवान बांधून उल्हासनगरहून त्यांच्या घरी आला, दोन तास बसला, हवापाण्याचं बोलून गेला. जिन्यात मला भेटला तेव्हा म्हणाला, बाई, त्या दिवशी सर झूठ बोल रहे थे ना? मी गोलकीपर आहे, समोरच्याचं तोंड वाचता येतं मला. मी म्हटलं, मग हरलात कशाला? तर म्हणाला, सरांशी कोण जिंकणार? असे आम्ही सगळे शहाणे. प्रत्येकाला थोडं थोडं माहीत, आणि त्या पोरीला कोणी सांगितलं नाही.

सर निवृत्त झाले आणि दोन वर्षांत पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हा वहिनींना कळलं, मला कळलं, आणि सरांना बहुतेक आमच्या आधी कळलं होतं. मी शाळा सुटली की जाऊन बसायचे. नंबर देणं थांबलं होतं. मी मुद्दाम माझ्या डब्यातलं काहीतरी न्यायचे, म्हणायचे, सांगा आता कितवा. नुसते हसायचे. माझा इतका जीव जळायचा म्हणून सांगू, की वाटायचं, म्हणा हो एकदा सहावा.

एका दुपारी म्हणाले, बाय, रेश्माला बोलव.

ती दुसऱ्याच दिवशी आली, हेंद्रेपाड्याहून, हातात शहाळी. जरा भरली होती, केस आखूड केले होते, एका शाळेच्या कार्यालयात कामाला लागली होती. मुलीला सासूपाशी ठेवून आले म्हणाली. सरांची अवस्था बघून एक क्षण दारातच थांबली, मग पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसली. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. मी उठायला लागले तर सरांनी हातानेच बस म्हणून सांगितलं.

"रेश्मा," सर म्हणाले, "तुझा नंबर चौथा होता."

तिला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. चौथी. अख्ख्या देशात, पोरगे धरून. लोक बोलतील म्हणून खाली टाकली. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी ते जुनं हसू आलं होतं, वादात हरल्यावर यायचं तसं. त्यांना वाटत होतं की ते तिचं काहीतरी तिला परत देतायत.

रेश्माने मांडीवरची शहाळी खाली ठेवली. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"सर, मी रोज स्वतःला सांगायचे," ती म्हणाली, "की सोळावी होते, सोडलं ते बरं केलं. मैदानावरून जाताना, टीव्हीवर जुन्या मैत्रिणी दिसल्या की. सर खोटा नंबर देत नाहीत, ह्याच्यावर माझं चाललं होतं. आता ह्या चौथ्याचं मी काय करू?"

सरांचं हसू मावळलं. ती उठली, त्यांचं सरकलेलं पांघरूण नीट केलं, पायांना हात लावला. वहिनी चहा घेऊन आल्या तर म्हणाली, नको वहिनी, उशीर होतो. मी जिन्यापर्यंत गेले. दोन पायऱ्या उतरून ती वळली आणि तिने विचारलं, बाई, तुम्हाला माहीत होतं?

मी म्हटलं, हो.

तिने मान हलवली आणि खाली गेली.

आत आले तर सर पलंगाच्या कडेला बसले होते. खुर्चीवरचा शर्ट ओढून त्यांनी एक हात बाहीत घातला होता, दुसरी बाही सापडत नव्हती. वहिनी एका हाताने त्यांना धरून दुसऱ्याने डोळे पुसत होत्या. मी म्हटलं, कुठे निघालात? म्हणाले, हेंद्रेपाड्याला. मग माझ्याकडे बघून, धाप लागलेल्या आवाजात म्हणाले, "बाय, नंबर सांगितला. माफी मागायची राहिली." उठायला गेले, पायांनी धरलं नाही, परत बसले. म्हणाले, अजून खालीच असंल, हाक मार.

मी गॅलरीत गेले. रेश्मा फाटकापाशीच होती, भिंतीकडे तोंड करून, ओढणी तोंडावर दाबून, खांदे हलत होते. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. मी तिथे उभी राहिले. वर येऊन तिने अजून काय काय ऐकायचं, आणि ऐकून त्यांना माफ करायचं कामही तिनेच करायचं, असं मला वाटलं. की तिच्या डोळ्यांना डोळा द्यायची माझीच हिंमत नव्हती, ते मला आजही सांगता येत नाही. आत येऊन मी म्हटलं, गेली ती, सर.

सर एक हात शर्टात, एक बाहेर, असे दाराकडे बघत बसून राहिले. मी त्यांना जिवंत पाहिलं ते तेवढंच. दुसऱ्या दिवशी शाळेत परीक्षा होती, मला जायला जमलं नाही, आणि संध्याकाळी वहिनींचा फोन आला.